नऊ अठराचा भाडेकरू

रविवारी सकाळी सव्वासहाला दातांच्या दवाखान्यात वीस-बावीस माणसं जमली होती आणि त्यातल्या एकाचाही दात दुखत नव्हता. हिवाळ्यातली पक्षीगणना होती. दरवर्षी ती इथूनच सुरू होते, कारण आमच्या मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भरपूर आहेत. मी पाच वाजताच बूट घालून तयार बसले होते. छापखान्यात मुद्रितं तपासणारी, चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण या एका दिवशी माझे पाय जमिनीवर नसतात.

डॉक्टरांनी चार नंबरचा तक्ता माझ्या आत्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आत्या, या वर्षी पिशव्यांसाठी वेगळा रकाना ठेवलाय बरं का!"

खोलीत खसखस पिकली. आत्याही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने माझा दंड दाबला.

तर पिशव्यांचं असं झालं होतं. आत्याने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. निवृत्त झाल्यापासून चार नंबर तिच्याकडे, म्हणजे बस डेपोच्या भिंतीमागचं तळं आणि त्यातलं पुरुषभर उंच पाणकणसाचं रान. गेल्या वर्षी वादळी वाऱ्यानंतरच्या सकाळी तिने तिथे त्रेचाळीस पांढरे बगळे मोजले. दुपारी आमच्या मंडळातले, व्यायामशाळा चालवणारे नवरा-बायको तिकडून गेले, तर त्या बगळ्यांपैकी एकतीस प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. तेव्हापासून मंडळात 'पिशवीबगळा' ही नवी जातच तयार झाली. पुढे कळलं की आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि तोवर दोघांचं आपसात पटत नाही.

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा तक्त्यात एक जरी चूक निघाली, तर चार नंबर व्यायामशाळावाल्यांकडे जाणार. ती त्यांना नुसतं "बरं" म्हणाली आणि घरी येऊन माझ्यासमोर रडली. आत्या एकटी राहते. तिच्या वर्षाचे दोनच भाग असतात, गणनेआधीचा आणि गणनेनंतरचा.

म्हणून या वर्षी मोजायचं काम माझं आणि लिहायचं तिचं. डेपोच्या मागच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं, आणि धुक्याच्या आत नुसता गलका. माझं काळीज धडधडायलाच लागलं. धुकं वर सरकलं तसे चांदवे दिसायला लागले, काळेभोर, कपाळावर पांढरा ठिपका. थवा मोजायची रीत मला आत्यानेच शिकवलेली. आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी किती जागा घेतली ते डोळ्यांत धरायचं, आणि तेवढी जागा थव्यावर किती वेळा बसते ते बघायचं.

"चांदवे एकशे चाळीस," मी म्हटलं. "पाणकावळे सव्वीस. धोबी अकरा. टिटव्या चार. खंड्या एक, तो बघ, तो बघ, मासा घेऊन बसलाय!"

"आणि पिशव्या?" आत्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"दोन."

आम्ही दोघी तोंडावर हात दाबून इतक्या हसलो की काठावरची, आम्ही बसलो होतो ती लाकडी फळी हलायला लागली. नऊ वाजेपर्यंत बत्तीस जाती झाल्या. तक्ता स्वच्छ होता, एक खाडाखोड नव्हती. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सुख नाही. मी थर्मास काढला आणि झाकण फिरवायला लागले.

"श्श!" आत्याने माझं मनगट धरलं. तिचे डोळे मिटलेले होते. "ऐकलंस?"

"काय?"

"भाडेकरू!"

या पक्ष्याला पुस्तकात लांबलचक नाव आहे, पण आमच्या मंडळात सगळे त्याला भाडेकरूच म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा त्याचा आवाज येतो, पण स्वारी दिसत नाही. थंडीत येतो, दाट पाणकणसात राहतो, आणि चिमटा काढलेल्या डुकराच्या पिल्लासारखा ओरडतो. आमच्या तळ्यावरची त्याची शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती.

"थर्मासचं झाकण करकरलं असेल," मी म्हटलं.

"झाकण तीनदा ओरडत नाही. नऊ अठरा. लिहिते मी."

"थांब! दुर्मीळ पक्ष्याला दोघांची सही लागते."

"मग तू कर की."

"मी नाही ऐकलं, आत्या."

"ऐकलं म्हण! मी काय खोटं सांगतेय?"

"तू खरं सांगतेयस. मी म्हटलं तर ते खोटं होईल."

"आली मोठी शुद्धलेखनबाई!" असं म्हणून तिने ओळ लिहिलीच आणि ती गाल फुगवून बसली. मला वाईट वाटलं, पण ऐकलेलं नसताना सही करणं माझ्याच्याने झालं नसतं. मग दोघी त्या फळीवर पालथ्या पडून राहिलो. गणना दहाला संपते. साडेनऊ वाजले. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाक गळायला लागलं, ओढायची चोरी. पावणेदहा. पाणकणसाच्या दोन झुबक्यांमध्ये हातभर रुंदीची एक मोकळी फट होती, चिखलाची. मी तिच्यावरून दुर्बीण हलवली नाही.

नऊ बावन्नला त्या फटीत एक लाल चोच आली.

"दिसला!" मी ओरडले. ओरडायचं नव्हतं, पण ओरडले. तळ्यावरचे निम्मे चांदवे उडाले. भाडेकरू चार पावलांत फट ओलांडून पलीकडच्या झुबक्यात गडप झाला. "आत्या, दिसला, दिसला! तुला दिसला ना?"

ती दुर्बीण धरून डावीकडे, भलत्याच झुबक्याकडे बघत होती. मी तिचं डोकं धरून वळवलं, पण आता तिथे नुसता चिखल होता.

"नाही," ती म्हणाली.

दवाखान्याकडे परत जाताना मी जवळजवळ धावत होते. ती मागे पडली तेव्हा थांबले आणि जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. "आत्या, तू पण पाहिला म्हण. दोघींनी पाहिला, विषय संपला. नाहीतर उगीच फाटे फुटतील. मोतीबिंदूवाली बाई म्हणते फक्त ऐकला, कोण मानणार? आणि ते नको असेल तर ती ओळच खोडून टाकू. बाकीचा तक्ता कसा स्वच्छ आहे. चार नंबर तुझाच राहील."

"मघाशी काय म्हणालीस मला?"

"मघाशी मी पाहिला नव्हता!"

"आणि मी अजूनही पाहिला नाहीये," आत्या म्हणाली. "चल."

दवाखान्यात सगळे परतले होते. डॉक्टर एकेक तक्ता मोठ्याने वाचत होते. आमच्या तेहेतिसाव्या ओळीशी येऊन ते थांबले, चष्मा वर केला, परत वाचलं.

"आत्या, तुम्हाला दिसला?"

"नाही. हिला दिसला. मी ऐकला, नऊ अठराला, तीनदा."

"हिने नाही ऐकला?"

"नाही."

"म्हणजे पाहिला एकीने आणि ऐकला दुसरीने." डॉक्टरांनी मान हलवली. "दोघांची साक्ष एकाच गोष्टीची पाहिजे हो."

"नियमात 'दोघांनी नोंदवलेला' असं आहे," मी ताडकन म्हटलं. "पाहिलेला नाही, नोंदवलेला. नियमांचं पत्रक मीच तपासलंय."

"शब्दावर भांडू नका. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवतंय." ते आत्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आत्या, मी ही ओळ काढू का? बाकी तक्ता उत्तम आहे. मला वाद नकोय."

मी आत्याकडे बघितलं. एक मान हलवली असती तर चार नंबर तिचाच होता.

"काढू नका," आत्या म्हणाली. "एकतीस वर्षं टेलिफोन कानाला लावून बसले होते मी, डॉक्टर. नुसत्या 'हॅलो'वरून सांगायचे कोण बोलतंय ते. मी ऐकला."

"कसा ओरडला?"

आणि आत्याने त्या खोलीत, बावीस माणसांसमोर, मान पुढे काढून, गळ्याच्या शिरा ताणून तो आवाज काढला. चिरका, वरून खाली घसरत जाणारा, तीनदा. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो!" व्यायामशाळावाल्याची बायको खुर्चीतून उठली. ती नवऱ्याचा दंड गदागदा हलवत होती. "अहो, हाच! हाच की! आपला तक्ता काढा!"

पाच नंबर त्यांचा, म्हणजे तळ्याचाच पलीकडचा काठ. नवरा तक्ता काही केल्या देईना. शेवटी तिनेच तो हिसकावून डॉक्टरांपुढे ठेवला. समासात त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: '९:१८. पाणकणसात डुकराचं पिल्लू. तीनदा ओरडलं. मोजलं नाही.'

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण सगळे एकदमच ओरडत होते. 'पिशवीबगळा' मागे पडला, 'डुक्करभाडेकरू' आला, आणि व्यायामशाळावाला दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं, आमच्या ओळीपुढे लाल पेनने 'मान्य' लिहिलं आणि पुढच्या वर्षीच्या यादीत चार नंबरसमोर सगळ्यांदेखत आत्याचं नाव घातलं. "गेल्या वर्षीच्या चेष्टेबद्दल माफ करा," ते म्हणाले. आत्याने त्यांना तो आवाज आणखी एकदा काढून दाखवला.

मी आनंदाने रडत होते आणि माझ्याकडे रुमाल नव्हता. आत्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले होते. तिने माझा हात मांडीवर घेतला.

"आता सांग," ती हळूच म्हणाली. "कसा होता?"

मी सांगितलं. चोच लाल, जराशी वाकडी. छाती पाटीसारखी करडी. कुशीवर काळे-पांढरे पट्टे. अंग इतकं चपटं की समोरून बघितलं तर जवळजवळ नाहीच. आधी चोच आली, मग एक पाय, तो हवेतच थांबला, मग शेपूट दोनदा उडवली आणि चार पावलांत पलीकडे.

ती डोळे मिटून ऐकत होती, मघाशी फळीवर ऐकत होती तशीच. माझं संपलं तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"पाय कुठला थांबला हवेत?"

"उजवा."

"हं," आत्या म्हणाली. "परत सांग. चोचीपासून."