वहिनींचा पाचवा इंटरव्ह्यू

कुरियरचं ऑफिस बंद पडलं तेव्हापासून वहिनी घरी होत्या, आणि घरात नणंद होती. पार्सल हरवलेल्या लोकांच्या शिव्या वहिनींनी वर्षानुवर्षं फोनवर गोड आवाजात झेलल्या होत्या, पण हॉटेलच्या रिसेप्शनला म्हणे फाडफाड इंग्रजी लागतं. चार इंटरव्ह्यू झाले. चारही ठिकाणी दुसऱ्या वाक्याला वहिनींची ततपप.

नणंदबाई इंग्रजीचे क्लास घ्यायच्या. त्यांनी सांगूनच टाकलं, "वहिनी, याही वेळी हात हलवत आलात ना, तर माझ्या क्लासमध्ये या. फळा पुसायला कोणीतरी हवंच आहे."

वहिनींनी मनातल्या मनात तिलाच फळ्यासकट पुसून काढलं.

"आणि तुमचं चुकतं कुठे सांगू? साहेब 'गो ऑन' म्हणतो आणि तुम्ही गप्प बसता. गो ऑन म्हणजे थांबू नका, पुढे बोला. तो म्हणतोय तोवर तोंड बंद करायचं नाही."

"आणि सांगण्यासारखं संपलं तर?"

"तुमचं? संपणार?" नणंद म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

हॉटेलचा मॅनेजर अगदीच कोवळा निघाला. गळ्यात टाय, मांडीवर मोबाइल. टेबलाखालचं कोणाला दिसत नाही अशी बिचाऱ्याची समजूत होती. वहिनींनी पाठ केलेली ओळख एका दमात म्हणून टाकली आणि श्वास घेतला.

"गो ऑन," मॅनेजर मांडीकडे बघत म्हणाला.

आता थांबतंय कोण! वहिनींनी नवरा सांगितला, मुलगी सांगितली, कुरियर सांगितलं. गो ऑन. आवडीनिवडी सांगितल्या, म्हणजे झोप. गो ऑन. मग इंग्रजी तळाला गेलं आणि एक वाक्य सुरू इंग्रजीत होऊन संपलं चक्क मराठीत. वहिनींनी जीभ चावली. संपलं, आता डस्टर!

"गो ऑन," मॅनेजर म्हणाला. अंगठा मोबाइलवर सरासरा चाललेला.

वहिनींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी सरळ मराठीतच सुरुवात केली. "सर, मी एकदा सासऱ्यांची कवळी वॉशिंग मशीनमध्ये फिरवली."

"गो ऑन."

"बाहेर आली तेव्हा नणंदेच्या ब्लाउजला चावून बसली होती."

"इंटरेस्टिंग. गो ऑन."

अस्सा राग आला वहिनींना! आठवडाभर आरशासमोर घसा कोरडा केला, इस्त्रीची साडी नेसून आले, ते या मेल्याच्या अंगठ्यासाठी? डोळ्यांत पाणीच आलं. 'पुढे बोला' म्हणणारा ऐकत असतोच असं नाही, हे काही नणंदेच्या क्लासमध्ये शिकवत नसावेत. उठावं आणि दार आपटून चालू लागावं असं वाटलं. पण घरी गेलं की फळा होताच.

वहिनींनी पदर सावरला.

"तर सर, मी सोमवारपासून येते."

"गो ऑन."

"रात्रपाळी जमायची नाही. सकाळचीच द्या."

"गो ऑन."

"आणि तो गुलाबी कोट मी घालणार नाही. बाहेर रिसेप्शनवरची मुलगी त्यात आईस्क्रीम दिसतेय."

"गुड, गुड. गो ऑन."

इथे मात्र वहिनी थांबल्या. एकदम चिडीचूप. खोलीत आवाज बंद झाला तसा मॅनेजर दचकला आणि त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मंडे, मॉर्निंग शिफ्ट, नो पिंक कोट," वहिनी फोनवरच्या त्या गोड आवाजात म्हणाल्या. "यू सेड गुड, सर. थँक यू."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. विचारावं, तर आपलं लक्ष नव्हतं हे कबूल करावं लागणार, आणि मॅनेजर जातीचा माणूस एक वेळ राजीनामा देईल, पण हे कबूल करायचा नाही. "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स," करत त्याने बाहेर फोन लावला आणि वहिनींचं लेटर तयार करायला सांगितलं. सकाळची पाळी. आणि हो, कोट नको.

वहिनी दारापाशी पोचल्या, तेवढ्यात मागून हाक आली.

"मॅडम, युअर इंग्लिश इज एक्सलंट."

'तुम्ही ऐकलंत कधी?' हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा त्यांनी तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं, आणि दार हळूच लावून घेतलं.