चार वाजताचा आकडा

दवाखान्यात बेबीबाईंचं बीपी दर वेळी एकशे सत्तरला टेकायचं. घरी काय होतं ते बघावं म्हणून नवनीत डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा अन् कमरेला छोटं यंत्र बांधून चोवीस तासांसाठी कळसाडीला धाडलं. दर अर्ध्या तासाने पट्टा आवळायचा, अन् त्या वेळी बेबीबाई काय करत होत्या ते त्यांची पुण्याची सून रुचिका वहीत लिहायची.

दुसऱ्या दिवशी आकडे बघून डॉक्टर चक्रावले. भाकरी थापताना ठीक. उसात घुसलेल्या म्हशीला शिव्या घातल्या, तेव्हाही ठीक. फक्त दुपारी चारला एकशे अडुसष्ट.

"चारला काय झालं होतं?"

रुचिकाने वही उघडली. "माझ्या आईचा फोन होता. सासूबाई तिच्याशी शुद्ध बोलत होत्या."

बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला. चुकून 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' निघालं तर विहीणबाई हसेल, हा धसका. डॉक्टरसाहेबांपुढंही तोच.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, मन्ही माय म्हसावदनी शे. म्हैस उसमा कशी घुसनी, सांग बरं."

बेबीबाईंनी सगळं रामायण सांगितलं. मग दोन घटका शांत बसवून डॉक्टरांनी बीपी मोजलं. एकशे अठ्ठावीस.

"गोळी नको. वरीसमा एकदाव दखाडी जाय."

"मंग इतला दिन शुद्ध कसाले बोलना रे?" बेबीबाई कडाडल्या.

"काय सांगू, मावशी! शुद्ध बोलताना मन्हं बी वाढस."