दर्शनानंतरची रोटी

“उघडली का गं खिडकी?”

“नाही, बाबा.”

“मग थांबू.”

थांबू म्हणे! जमनेच्या वाळूत आम्ही दोघंच उभे. एरवी सूर्य वर यायच्या आत किल्ल्याच्या झरोक्याखाली ही एवढी गर्दी जमायची. बादशहा खिडकीत येऊन तोंड दाखवायचा, खालून ‘बादशहा सलामत’चा गजर व्हायचा, आणि मगच माझे सासरे, भीखम कहार, तोंडात घास घालायचे. जन्मभर पालख्या वाहिलेला माणूस. खांदा गेला, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, नेम मात्र सुटला नाही. असे दर्शनवाले दिल्लीत पुष्कळ होते. पण माणसाने माणसाचं दर्शन घेणं बरं नव्हे, असा नवा हुकूम निघाला आणि झरोका बंद झाला. बाकीचे दर्शनवाले थोडे हळहळले आणि न्याहारी करून कामाला लागले. आमच्या बाबांना कोण समजावणार?

मी प्रयत्न केला. “हुकूमच आहे, बाबा. आता तो यायचा नाही.”

“बाजारगप्पा,” ते म्हणाले. “तब्येत बरी नसेल. येईल उद्या.”

त्यांच्या हट्टाचं मूळ वेगळंच होतं. माझा नवरा एका अमिराच्या पालखीबरोबर फौजेतून दख्खनेत गेलेला. दोन पावसाळे उलटले, निरोप नाही. रोज दर्शन झालं की बाबा एकच बोलायचे, “दिसला. म्हणजे आपला मंगरू ठीक.” बादशहा जागेवर, म्हणजे फौज जागेवर, फौज जागेवर, म्हणजे पोरगा जागेवर. खरं सांगते, तेवढं ऐकल्याशिवाय मलाही दिवस ढकलवत नव्हता.

त्यात सासरा उपाशी असताना सुनेने खायचं नाही, ही आमच्यातली रीत. म्हणजे खिडकी लावली बादशहाने आणि चूल विझली माझी! तिसऱ्या दिवशी म्हातारा वाळूत मटकन बसला, तशी मी घाबरले. तिथेच कपडे धुणाऱ्या छेदी धोब्याकडे गेले.

“छेदीभाऊ, उद्या सकाळी जरा ओरडाल का?”

“कुणावर?”

“कुणावर नाही हो. ‘बादशहा सलामत’ म्हणून. चारपाच जण मिळून. म्हाताऱ्याला दिसत नाही, ऐकू येतं.”

“वेड लागलंय का, वहिनी? वरून शिपायाने बाण सोडला म्हणजे?”

त्याची बायको बतासो धुणं पिळत होती. ती म्हणाली, “दुआ दिली म्हणून कुणी बाण सोडतं होय? घरात माझ्यावर ओरडतोस तेवढंच ओरड. म्हातारा जेवेल तरी.”

दुसऱ्या दिवशी धोबी असे काही ओरडले की त्यांची गाढवंही सामील झाली. बाबांनी बंद खिडकीकडे तोंड करून हात जोडले. “दिसला,” ते म्हणाले. “म्हणजे आपला मंगरू ठीक.”

परत निघालो. सासऱ्याचा हात धरता येत नाही, म्हणून काठीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“गर्दी कमी झाली गं.”

“थंडी आहे ना, बाबा.”

“आणि गाढवं वाढली.”

हसू आवरायला मी पदर तोंडात कोंबला. घरी आल्यावर त्यांनी रोटी खाल्ली, मग मी खाल्ली. काय गोड लागली!

सगळा हिवाळा असाच निघाला. होळीच्या आधी बतासो सांगायला आली की लेकीची पाठवणी आहे, सगळा धोबीवाडा नदीपलीकडे जाणार. उद्या घाटावर कुणी नाही. बाबांना काहीतरी सांगून घरी ठेवावं असं मी ठरवलं, तर पहाटे मलाच ताप भरला. मान उचलेना.

“बाबा, आज नका जाऊ. काठी कोण धरणार?”

“वाट पायांना पाठ आहे. तू पड.”

गेले. मी गोधडीत तोंड घालून रडले. सामसूम घाटावर म्हातारा दुपारपर्यंत उभा राहणार, नाहीतर पाण्यात जाणार. आणि परत आला तर माझं सगळं नाटक त्याला कळलेलं असणार.

पण ते लवकर आले. दारातच म्हणाले, “दिसला.”

मी उठून बसले. “दिसला, बाबा?”

“हो. आज लवकर आला.”

टोपलीतली रात्रीची रोटी त्यांनी चाचपून काढली, मीठ घेतलं आणि माझ्या अंथरुणापासून जरा लांब बसले. तापातही मी पदर पुढे ओढला. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

“मी खाल्लं. आता तुला चालतं. खा. वाळून गेलीस नुसती, काठीवरनं कळतं मला.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रोजचं पुढचं वाक्य येईल म्हणून. ते नुसते चावत होते. तो एक घास त्यांनी किती वेळ चावला. वाक्य काही आलं नाही.

“म्हणजे तेही ठीक असतील,” शेवटी नवऱ्याचं नाव न घेता मीच म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मग राहिलेल्या रोटीचे चाचपून दोन भाग केले आणि मोठा माझ्याकडे सरकवला.