वानोळ्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जुना म्हणजे मोडीत घालण्याइतका नव्हे हं! बुडाला एक पोचा आहे, कडी ढिली झाली आहे आणि झाकण एका बाजूने दाबल्याशिवाय बसत नाही, एवढंच. अंगावर कोरलेलं नाव अजून सहज वाचता येतं : ‘चाँदबी फकरुद्दीन मुलाणी, पौड’. आत्ता मी एका बंद दारासमोर हीनाच्या हातात आहे. बेल वाजवून झाली आहे. दार उघडेपर्यंत माझी कहाणी तुम्हाला सांगून घेतो.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यातला. स्टीलच्या सपाट पत्र्याचा दाबून दाबून डबा केला, तेव्हा फार दुखलं होतं. फकरुद्दीनभाईंचं पौडच्या एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ईदच्या तोंडावर त्यांनी मला विकत घेतलं, बायकोचं नाव घालून आणलं आणि चाँदबीच्या हातात दिलं. चाँदबीला आपलं नाव भांड्यावर बघून इतका आनंद झाला की तिने पदराने मला उगाचच दहा वेळा पुसलं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

माझं काम वानोळा पोचवायचं. तुमच्यापैकी काहींना वानोळा माहीत नसेल. घरात काही नवं, चांगलंचुंगलं झालं की त्याची चव चार घरी पाठवायची, तो वानोळा. त्यात देणंघेणं मोजायचं नाही. आणि एक रीत कडक पाळायची. आलेलं भांडं कोणी रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालावी, पण भांडं रिकामं जाता कामा नये. मी पलीकडच्या बोळातल्या जाईबाईकडे शेवया घेऊन जायचो आणि बुद्धपौर्णिमेला तिची खीर घेऊन यायचो. जाईबाई अंगणवाडीत खिचडी रांधायची. तोंडाची फटकळ, पण मला इतकं लख्ख घासून परत पाठवायची की चाँदबीलाही लाज वाटावी. मी कधी रिकामा घरी आलो नाही. त्याची मला मोठी मिजास होती.

पुढे चाँदबी गेली, फकरुद्दीनभाईही गेले, आणि मी त्यांच्या सुनेच्या, म्हणजे हीनाच्या हाती आलो. हीनाच्या हाताला चव आहे, हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. माझ्या पोटात काय काय येऊन गेलंय ते मला कळतं ना! नाचणीचं पीठ, घरचं तूप आणि वेलची घालून ती नानखटाई करायची. तोंडात टाकली की विरघळलीच. तिचा नवरा मतीन हिंजवडीला एका कंपनीसाठी स्वतःची कॅब चालवायचा. गाडीत बसणाऱ्या साहेबलोकांना तो बायकोच्या नानखटाईच्या गप्पा ऐकवायचा. त्यातूनच सूसच्या सोसायटीत राहणाऱ्या जान्हवीताईंनी मुलाच्या वाढदिवसासाठी पहिली ऑर्डर दिली.

त्या दिवशी हीना पहाटेपासून उठली होती. उशीर होईल, पहिल्याच घासाला खडा नको, म्हणून तिने घाई केली. गावातल्या भट्टीत भाजून आणलेली नानखटाई गरमगरम माझ्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. माझ्या पोटात वाफ कोंडली. नानखटाई घाम आल्यासारखी ओली झाली, आणि सूसपर्यंतच्या खड्ड्यांनी तिचा पार भुगा केला. झाकण उघडल्यावर जान्हवीताई ओरडल्या नाहीत. मला घेऊन गेलेल्या मतीनला त्या हळूच म्हणाल्या, “दादा, हे राहू द्या. पाहुण्यांसमोर कसं ठेवू? मी ऑनलाइन काहीतरी मागवते.”

मी घरी परत आलो तो भरलेला. मित्रांनो, डब्याला यापेक्षा मोठी नामुष्की नाही. हीनाने झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. मतीन पुढे कितीतरी दिवस तो भुगा चहात घालून खात होता आणि “काय चव हाय गं!” म्हणत होता. हीना त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. भीतीने तिच्या मनात ठाण मांडलं ते त्या दिवसापासून.

मग कंपनीने स्वतःच्या बस सुरू केल्या आणि मतीनची कॅब दाराशी उभी राहिली. त्याने ती विकली. त्या पैशातून जांबे गावात बंद पडलेल्या एका बेकरीचा जुना ओव्हन घरी आणला. ओव्हन मागच्या खोलीत बसवून तो हीनासमोर मांडी घालून बसला.

“हे बघ, तुझ्या हातात कला हाय. घरातच धंदा कर. दिवाळीपतूर ओव्हननं घर चालवलं तर ठीक. न्हाईतर ओव्हन इकायचा आन् मी लांबच्या ट्रकवर जायचं. मग महिना महिना घरी येनं व्हायचं न्हाई.”

“करते की,” हीना म्हणाली.

आणि ती खरंच करू लागली. रोज सकाळी घरभर तुपाचा वास सुटायचा. ती मला काठोकाठ भरायची, आणि मी निघायचो. पण कुठे? विकायला नव्हे, वानोळ्याला! आज या घरी, उद्या त्या घरी. “जरा चव बघा,” असं म्हणून ती मला दारातच ठेवायची आणि समोरचं माणूस काही विचारायच्या आत पळून यायची. दुसऱ्या दिवशी मी परत यायचो, तळाशी चिमूटभर साखर आणि सोबत मोठी वाहवा घेऊन. हीना ती साखर बरणीत ओतायची. तेवढ्यापुरता तिचा चेहरा खुलायचा.

मला मात्र लोकांच्या घरात रात्रभर राहावं लागायचं, त्यामुळे दाराआडचं सगळं कानावर यायचं. शाळेत शिकवणाऱ्या शुभांगीताई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “पाहुणे येणार आहेत, येताना नानखटाई आणा दुकानातून.” नवरा म्हणाला, “ती हीना करते ना, तिच्याकडून घे.” तर त्या म्हणाल्या, “ती विकते कुठं? ती तर देते. मागायचं कसं?” मी ओट्यावर बसून तळमळत होतो. आम्हा डब्यांना तोंड एवढं मोठं असतं, पण जीभ नसते हो!

पावसाळा सरला तेव्हा मतीनने विचारलं, “आज कुणाकडं गेली नानखटाई?”

“शुभांगीताईंकडं. लई आवडली म्हनल्या.”

“पैशाचं काय बोललीस?”

“अवो, आधी चव तर घेऊ द्या लोकान्ला.”

“चव घ्येता घ्येता पीठ संपत आलं, हीना,” तो म्हणाला. तो रागावला असता तरी चाललं असतं. तो नुसता उठून अंगणात गेला.

आणि एक दिवस जाईबाईने जे केलं ते माझ्या जन्मात कोणी केलं नव्हतं. तिने मला ओसरीवर आणून ठेवलं. हीनाने झाकण काढलं. मी आत स्वच्छ, कोरडा आणि रिकामा होतो. साखरेचा कणसुद्धा नव्हता.

हीनाचा चेहरा उतरला. “जाईमावशी, माझं काय चुकलं का?”

“चुकलं म्हंजे? धडधडीत चुकलंय! मुद्दाम रिकामा आनलाय. साखर घातली असती तर तू उद्या परत फुकट भरून धाडला असतास. आता ऐक. आमच्या नातीचा, मोनिकाचा साखरपुडा हाय. पाव्हन्यांना द्याया नानखटाई पायजे. दर सांग.”

“तुमच्याकडनं कसले पैशे घ्यायचे, मावशी? घरचंच काम हाय. मी करून देते की.”

“मला दान नगं. इकत पायजे. दर सांग, न्हाईतर पिरंगुटच्या बेकरीतनं आनते.”

दर हीनाला पाठ होता. मतीनबरोबर बसून तिने तो कधीच ठरवला होता. तो तिच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता. ती अंगठ्याने माझ्यावरचं चाँदबीचं नाव घासत राहिली, घासत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “खराब निघाली तर, मावशी? भर साखरपुड्यात, सगळ्यांपुढं?”

“म्हंजे फुकटची खराब निघाली तर चालतंय व्हय गं? फुकटाला कुनी नावं ठेवत न्हाई, म्हनून वाटत सुटलीस तू. मला कळत न्हाई व्हय?” जाईबाई थांबली. अजून वाट बघत होती बिचारी. हीना नावावरून अंगठा फिरवतच राहिली, तेव्हा ती उठून गेली.

साखरपुड्याला हीना गेली, तीही मला भरून घेऊन. रिकाम्या हाताने कसं जायचं, नाही का! मला टेबलाखाली सरकवलं, पिरंगुटच्या बेकरीच्या खोक्यांशेजारी. कागदी ताटलीत सगळ्यांबरोबर हीनालाही बेकरीची नानखटाई मिळाली. तिच्यात डालडा होता, सोडा जास्त झाला होता. हीनाने ती कण न् कण संपवली. तिचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, मोनिकासाठी.

दिवाळी आली आणि गेली. ओव्हन न्यायला टेम्पो आला, तेव्हा हीना मागच्या खोलीत गेलीच नाही. चार दिवसांनी मतीनने पिशवी भरली. ओव्हन जायच्या आधी भाजून ठेवलेली शेवटच्या पिठाची नानखटाई हीनाने माझ्यात घालून त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, “डबा राहू दे. परत कसा धाडू?” त्याने थोडी नानखटाई कागदात बांधून घेतली आणि मुख्य रस्त्याकडे चालू लागला. हीना त्याच्या पाठीकडे बघत मला पोटाशी धरून उभी होती. ती काही बोलेल असं मला वाटत होतं. तो दिसेनासा झाला, तेव्हा ती घरात वळली.

त्यानंतर मी फळीवर पालथा पडून राहिलो. घरात तुपाचा वास नव्हता. मतीनचा फोन आला की हीना “बरंय सगळं” म्हणायची आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तिच्यावर फार चिडलो होतो, मित्रांनो. हरायला नको म्हणून खेळलीच नाहीस, आणि हरलीस की गं! पण तिला रडताना ऐकलं की माझा राग ओसरायचा. तिच्याइतकाच मीही निकामी झालो होतो.

आज सकाळी ती उठली. का उठली, ते मला माहीत नाही. चाँदबीच्या वेळचं जाड बुडाचं पातेलं तिने काढलं. शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून त्यात घातली, तापवली आणि वर ताटलीत नानखटाई ठेवली. पहिली खेप खालून करपली. दुसरी जमली. या वेळी ती कापडावर पसरून, पूर्ण थंड होईपर्यंत हीना गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली. मगच तिने मला भरलं.

जाईबाईच्या घराकडे जाताना माझी कडी तिच्या हातात सारखी वाजत होती.

“मावशी, नानखटाई आनलीय. इकायला.” आणि तिने दर सांगितला.

“काय? मोठ्यानं बोल की.”

तिने पुन्हा सांगितला, मोठ्याने. जाईबाईने माझ्यात डोकावून बघितलं आणि मान हलवली. “आज नगं गं. साखरपुड्याची उरलेली खोकी अजून हायेत घरात. ती कोन संपवनार?”

जाईबाई सूड घेत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरोखरच नको होती. आता हीना म्हणणार, “असू द्या, ठेवा तशीच.” मी तिला ओळखतो. तिचे ओठ तसे हललेसुद्धा. ती म्हणाली, “बरं. मग फुडच्या आठवड्यात येते.”

“ये,” जाईबाई म्हणाली.

बोळात आल्यावर हीना भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. ज्याला ती एवढी वर्षं भीत होती, तेच झालं होतं. डबा भरलेलाच परत निघाला होता. ओव्हन गेला, नवरा लांब गेला, आणि पहिल्याच दाराने नको म्हटलं. मग तिने ओढणीने तोंड पुसलं. आमच्या घराचं वळण आलं, आणि ती वळली नाही. सरळ पुढे चालत शुभांगीताईंच्या दारापर्यंत आली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हा भांड्यांना घासा-पुसा, आदळू नका, हे तर आहेच. पण तुमच्या दारात कोणी आपल्या हातचं काही विकायला घेऊन उभं राहिलं, तर नुसती वाहवा करून त्याला परत पाठवू नका. हवं असेल तर दर विचारा. नको असेल तर जाईबाईसारखं सरळ नको म्हणा, त्याने कोणी मरत नाही. हे मी आज सकाळीच बघितलं.

आत चपला वाजताहेत. कोणीतरी येतंय. माझी कडी अजून वाजतेच आहे. तिने माझं झाकण एका बाजूने दाबून नीट बसवलं, आणि घसा साफ केला.