डाव्या हाताचा काठ

"डाव्या हातानं टाका घालशील, तर लोकरसुद्धा तोंड फिरवेल हो!"

सासूबाईंचा हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा. धाकटी जाऊ तेव्हा घरात नवी होती, क्रोशाची सुई घेऊन खिडकीपाशी बसली होती. सासूबाई बोलल्या आणि मी हसले. चांगली खळखळून हसले. धाकटीनं डावा हात पाठीमागे नेला. सुई डब्यात गेली, डबा कपाटात गेला.

सासूबाई जाऊनही वर्षं झाली. पण या आठवड्यात तो आवाज पुन्हा माझ्या कानाशी येऊन बसला.

गुरुवारी चार वाजता दुकानवाल्या बाई येणार होत्या.

विणकाम हा माझा विरंगुळा. ओळखीत कुठं बाळ झालं की माझं दुपटं जायचं. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या या बाईंनी त्यातलं एक पाहिलं. झोपलेल्या बाळाच्या भुवईवरून फिरवावं तसं त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "चोवीस हवीत, अगदी अशीच. हे नमुन्याला तुमच्याकडेच ठेवा, मी फोटो घेते. पहिली सहा आवडली तर दर महिन्याला घेईन. काठ काय देखणा आहे! तुम्हीच केलात?"

"हो," मी म्हणाले.

एका अक्षराचं खोटं. चिमटीत मावेल एवढं.

काठ धाकटीचा होता. माझं मनगट सुजलं होतं आणि अर्धवट दुपटं खुर्चीवर पडून होतं. दोन दिवसांनी पाहते तर चारी बाजूंनी पानांची वेल धावत गेलेली. "सहज घातले टाके," ती म्हणाली होती. "नको असतील तर उसवा." मी उसवले नाहीत. छान झालेत, असंही म्हणाले नाही.

चोवीस दुपटी, दर महिन्याला! जन्मभर मी दुसऱ्यांच्या वेळात वेळ शोधून विणत आले होते. आता पहिल्यांदाच माझ्या हाताला स्वतःचं काम मिळत होतं, आणि ते एका बोटभर काठावर अडलं होतं.

मधला भाग झरझर झाला. काठ मात्र काही केल्या जमेना. नवी असताना, खिडकीपाशी विणताना धाकटी काय पुटपुटायची ते मी ऐकलं होतं: एक साखळी, दोन खांब, तिसऱ्यापाशी जरा थांब. तस्संच विणत होते. थांबायचं तिथं थांबत होते. पानं यायची, पण तिची पानं वाऱ्याला सामोरी आणि माझी पाठ फिरवून उभी. दुपटं उलटं धरलं की ती बरोबर वळायची, पण मग मागच्या गाठी वर दिसायच्या. उसवलं. घातलं. पुन्हा उसवलं.

"काय हो जाऊबाई," स्वयंपाकघराच्या दारात वाटाणे सोलत बसलेली धाकटी म्हणाली, "लोकरीनं काय घोडं मारलंय तुमचं? सकाळपासून छळताय बिचारीला."

"तू तुझे वाटाणे बघ."

"बघतेच आहे. वाटाण्यांचं बरं असतं. एकदा सोलले की सोलले."

मी नमुन्याचं दुपटं पटकन मांडीखाली सरकवलं. तिनं नुसतं विचारलं असतं तरी मी रडले असते.

गुरुवारी तीन वाजता सहावं दुपटं खांद्यावर टाकून ते कपाटात ठेवायला निघाले, आणि कपाटाच्या आरशात पाहिलं. पानं बरोबर! तिची होती तश्शी, वाऱ्याला सामोरी. मला वाटलं, डोकं फिरलं माझं. आरशात माझ्या मागं धाकटी दिसत होती. ती शेंगा उजव्या हातानं सोलत होती.

मी वळून पाहिलं. डाव्या.

माझ्या उजव्या हाताला ती पानं जन्मात जमणार नव्हती. आता सांगावं तिला, आत्ताच. तोंड उघडलं आणि "वाटाणे झाले का?" एवढंच विचारलं. एक तास कसा गेला कळलं नाही, आणि बेल वाजली.

बाईंनी सहाही दुपटी उलगडली, शेजारी नमुना ठेवला. "पानं दुसरीकडं झुकलीत, नाही का?" त्या सावकाश म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना मी नमुन्याचा फोटो दाखवून बसलेय हो. आणि प्रत्येक दुपट्याला कुणाच्या हातचं ते लिहिलेली पट्टी लावायचीय. नाव काय घालू?"

धाकटी पाणी घेऊन आली होती. तिची नजर नमुन्यावर गेली, मग माझ्या सहा काठांवर. तिला सगळं कळलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि डावा हात पाठीमागे नेला.

"जाऊबाईंचंच नाव घाला," ती हसून म्हणाली. "त्यांचाच हात आहे. घाईत थोडं इकडचं तिकडं झालं असेल."

मला वाचवत होती ती, मला!

"काठ माझा नाही," मी म्हणाले. "हिचा आहे. डाव्या हाताचा. मला तो येत नाही. त्या दिवशी मी तुम्हाला हो म्हणाले, ते खोटं होतं. काम द्यायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा."

बाई काहीतरी बोलू लागल्या. मी थांबले नाही, धाकटीकडे वळले.

"अगं, सासूबाई बोलल्या तेव्हा मी हसायला नको होतं. फार सुंदर आहे गं तुझा हात."