फ्रोंटा जागची हलत नाही

त्र्याऐंशी साली चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोत बँडला लोकांसमोर वाजवायचं असेल, तर आधी सरकारी समितीला वाजवून दाखवावं लागे. आम्ही एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो की कायमची बंदी. समितीसाठी गाणी टाइप करायचं काम माझ्याकडे होतं आणि नेमका घोळ मीच घातला.

गाणं आमच्या बँडमधल्या राडिमचं, शहराच्या धावपळीवरचं. गिरणीतून ट्राम, ट्राममधून दुकान, दुकानातून घर, आणि या सगळ्यात पिशवी घेऊन पळणारी एक बाई. ती बाई म्हणजे त्याची आई. मांसाच्या रांगेत उभ्याउभ्या कोसळली, ती उठलीच नाही. हे फक्त आम्हा चौघांना माहीत. रांगेला आम्ही चेक लोक फ्रोंटा म्हणतो. गाण्यात ओळ होती, 'फ्रोंटा जागची हलत नाही'. मी शहाणीने प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मोठं, कॅपिटल टाइप केलं. आणि मोठ्या अक्षराची फ्रोंटा म्हणजे राष्ट्रीय आघाडी, म्हणजे सरकारच!

आम्ही वाजवून थांबलो. अध्यक्ष हावरानेक यांनी त्या ओळीखाली पेन्सिल ओढली आणि कोण हलत नाही, असं विचारलं.

"रांग, कॉम्रेड," मी घाईने म्हणाले. "साधी रांग."

"अस्सं. म्हणजे आपल्या शहरात मांसाला रांगा लागतात, असं तुमचं म्हणणं?"

राडिमने जबडा आवळला होता. हा आता खरं बोलून मोकळा होणार, असं वाटलं आणि मी सुचेल ते बोलत सुटले. फ्रोंटा म्हणजे हवामानाची, रेडिओवर रोज सांगतात ती थंड हवेची फळी, तिलाही फ्रोंटाच म्हणतात. ती शहरावर येऊन अडकलीय, म्हणून माणसं घराकडे पळतायत.

हावरानेक राडिमकडे वळले. "गाणं तुमचं. तुम्ही सांगा. हवामानच ना?"

राडिमने आधी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्याचा संताप आला. बँड आमचाही होता. शेवटी तो म्हणाला, "हो. हवामान." दोन शब्दांत त्याने आईला गाण्यातून पुसून टाकलं. ते मी त्याच्याकडून करवून घेतलं, याची मला आजही लाज वाटते.

हावरानेक सही करून सिगारेट ओढायला बाहेर गेले. शिक्का तेवढा राहिला होता, तो कॉम्रेड शिमकोवांकडे. या बाई समितीच्या कारकून, सगळा वेळ नुसत्या टिपणं घेत होत्या. त्यांनी शिक्का शाईत दाबला, उचलला आणि हात तसाच वर ठेवून राडिमला हळूच विचारलं, "मग त्या पिशवीवाल्या बाईला मिळालं का मांस?"

हा सापळाच असणार. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही," राडिम म्हणाला. "तिच्या पुढे अजून सात जणी होत्या."

शिमकोवांनी मान हलवली आणि शिक्का मारला.