एक्केचाळिसावं घर

जयवंतराव मोहित्यांनी बडोद्याच्या नागरवाड्यातली चाळीस घरं दोन दिवसांत उरकली, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. निवृत्त मुख्य कारकून ते. घरी बसून माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी मानसिक आरोग्याच्या पाहणीचं काम घेतलं होतं. पद्धत सोपी. उंबऱ्याबाहेरूनच हाळी द्यायची, "केम छो?" आतून "मजामां, काका!", म्हणजे मजेत, असं आलं की ‘नैराश्य नाही’ या चौकटीत खूण!

पाहणीच्या प्रमुख डॉक्टर मंदाकिनीबेन यांनी भरलेल्या कागदांचा गठ्ठा चाळला.

"चाळीस घरांत एकही उदास माणूस नाही?"

"आपलं बडोदं खाऊनपिऊन सुखी आहे, बेन. ही दुखणी रिकामटेकड्यांची."

"जयवंतराव, देशात कुठंही बघा, हे दुखणं सापडतंच. शिकलेल्यांत, अडाण्यांत, हसऱ्या माणसांतसुद्धा. तापासारखा आजारच तो, फक्त कपाळाला हात लावून कळत नाही. कागदावरचे नऊ प्रश्न एकेकट्याला बसवून विचारा. आणि यादीतलं एक्केचाळिसावं घर?"

"ते माझंच. तिथं काय विचारायचं?"

"तिथूनच सुरुवात करा."

घरी त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई गवार मोडत बसल्या होत्या. जयवंतराव कागद घेऊन समोर बसले.

"झोप कशी लागते?"

"पहाटे तीनला जाग येते. मग लागतच नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"भूक?"

"तुम्ही जेवता म्हणून बसते."

"कामात मन लागतं?"

"शिलाई मशीनवर सहा महिने धूळ बसलीय. दिसली नाही तुम्हाला?"

जयवंतरावांनी मशीनकडे वळून बघितलं. नववा प्रश्न त्यांनी कसाबसा वाचला. "जगून काय करायचं, असं मनात येतं?"

बाईंचे हात थांबले. "ह्याचं उत्तर तुम्ही लिहिणार आहात का?"

अरेरे! गावभर खुणा करत हिंडलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात हे! त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाही. ऐकणार आहे. पण आधी का नाही बोललीस?"

"रोज सकाळी तुम्ही विचारता, ‘मजामां ना?’ आणि मी तोंड उघडायच्या आत चपला घालता."

त्या संध्याकाळी जयवंतराव कुठंही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं फतेगंजच्या दवाखान्यात गेले. औषध सुरू झालं. गुण यायला काही आठवडे गेले, पण एका दुपारी मशीनची खडखड ऐकू आली आणि जयवंतरावांचे डोळे भरून आले.

मधल्या काळात त्यांनी ती चाळीस घरं पुन्हा केली. या वेळी बावीस दिवस लागले. सहा घरांतली उत्तरं बदलली. सगळ्यांत मोठ्यानं ‘मजामां’ म्हणणारे दत्ताजीराव तर पाव तास नुसते रडले. गठ्ठा बांधताना कुसुमावतीबाई म्हणाल्या, "माझाही कागद त्यात घाला. लपवायचं काय त्यात?"

तेव्हा वाचकहो, घरच्या माणसाची खुशाली दारातून विचारू नका. जवळ बसा, आणि खरं उत्तर येईपर्यंत उठू नका.